जी६पीडी कमी आहे म्हणून सांगितलं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

मी पीयू कॉलेजला (अकरावी-बारावीला) बायॉलॉजी शिकवते आणि माझ्या मुलाला जी६पीडी कमी आहे, त्यामुळं दोन्हीकडून लोक मलाच विचारालेत. मुलांना जीन कळून घ्यायचं असतं, आयांना रात्री झोप लागत नसती. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही. औषधाच्या डोसचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं तेवढं ह्यातून नक्की कळंल.

१. ताई, जी६पीडी म्हणजे नेमकं काय? हा रोग आहे का?

जी६पीडी हे एका एन्झाइमचं नाव. पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. सगळ्यांच्या शरीरात असतंय, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. काहींच्यात ते कमी चालतंय, त्याला जी६पीडी डेफिशियन्सी म्हणतात. जगात अंदाजे ४० कोटी लोकांना ही कमतरता आहे आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही म्हणजे काही होत नाही, कळतही नाही. म्हणून मी ह्याला रोग म्हणत नाही. ही शरीराची एक ठेवण आहे, जी डॉक्टरला, मेडिकलवाल्याला आणि बाळाच्या आजीला माहीत असायला पाहिजे.

२. हे एन्झाइम शरीरात करतंय तरी काय?

पेशीत आलेल्या ग्लुकोजला आधी फॉस्फेट चिकटतं, मग त्याचे दोन रस्ते होतात. एक रस्ता एनर्जी काढायचा, तो सगळ्यांनी शाळेत शिकलेला. दुसरा बाजूचा रस्ता, पेंटोज फॉस्फेट पाथवे, आणि त्या रस्त्याची पहिली पायरी जी६पीडी चालवतं. त्या पायरीवर एनएडीपी नावाच्या रेणूचं एनएडीपीएच होतं, आणि आपल्याला जे पाहिजे ते हेच.

कशाला पाहिजे, तर तांबड्या पेशीत ऑक्सिजन भरलेला असतो आणि ऑक्सिजन जिथं जास्त तिथं पेरॉक्साइडसारखी जाळणारी द्रव्यं पण तयार होत राहतात. त्यांना निकामी करायला पेशीजवळ ग्लुटाथायोन असतं, पण एकदा काम केलं की ते उतरतं, त्याला परत चार्ज करायला लागतं आणि एनएडीपीएच हा त्याचा चार्जर. जी६पीडी कमी म्हणजे चार्जर स्लो. रोजच्या कामाला तेवढं पुरतं, पण एखादं औषध किंवा जोराचं इन्फेक्शन आलं आणि एकदम मोठा लोड पडला की ग्लुटाथायोन संपतं, हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या पेशीच्या आतल्या बाजूला चिकटतात (ह्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, स्लाइडवर दिसतात) आणि पेशी फुटते नाहीतर प्लीहा तिला काढून टाकते. ह्या फुटण्याला हिमोलिसिस म्हणायचं.

३. हे जीन सगळ्या पेशीत असतंय मग फक्त रक्ताचंच का बिघडतं? लिव्हरचं, मेंदूचं का नाही?

हा प्रश्न माझ्या सेकंड पीयूच्या पोरांचा, आणि चांगला आहे. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच करायला दुसरेही मार्ग असतात, शिवाय केंद्रक असतं, म्हणजे एन्झाइम संपलं की नवीन करून घेता येतं. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही. तयार होताना जेवढं एन्झाइम मिळालं तेवढ्यावर १२० दिवस काढायचे. त्यामुळं पेशी जेवढी जुनी तेवढं तिच्यात एन्झाइम कमी, आणि फुटायला सुरुवात होते ती पण जुन्या पेशींपासूनच. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न १५ मध्ये ह्याच्यावरच सगळा घोळ आहे.

४. जीन कुठं असतं? बिघाड म्हणजे काय झालेलं असतं?

एक्स क्रोमोसोमच्या लांब हाताच्या अगदी टोकाला, एक्सक्यू२८ म्हणतात त्या जागी. जीनचं नाव पण जी६पीडीच. त्यात १३ एक्सॉन (जीनचे कामाचे तुकडे) आणि त्यातून ५१५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते, अशा दोन किंवा चार साखळ्या एकत्र आल्या तरच एन्झाइम चालतं.

आतापर्यंत २०० च्या वर बदल सापडलेत. बहुतेक ठिकाणी डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळं एक अमिनो आम्ल बदलतं आणि एन्झाइम लवकर मोडतं किंवा कमी चालतं. पूर्ण बंद पडलेलं जीन कुणात सापडत नाही कारण अजिबातच नसलं तर गर्भ वाढत नाही. आपल्या देशात तीन प्रकार जास्त सापडतात: मेडिटेरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा. मेडिटेरेनियनमध्ये ५६३ व्या जागी सी चा टी झालेला असतो आणि तो ह्या तिघांत जड समजला जातो. ओरिसा मुख्यतः आदिवासी समाजात सापडला. नाव मेडिटेरेनियन आलं म्हणून आपले पूर्वज ग्रीसवरून आले काय, असंही एका काकांनी विचारलंय. नाही हो काका. पहिल्यांदा तिकडं अभ्यास झाला म्हणून नाव पडलं.

५. आमच्या दोन्ही घरात कुणालाच नाही, मग बाळाला कसं आलं?

"कुणालाच नाही" म्हणजे बहुतेक वेळा "कुणी तपासलंच नाही". जीन एक्सवर आहे. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, बापाकडून वाय. म्हणून मुलाला कमतरता असली तर ती आईच्या बाजूनं आलेली असते, आणि आईजवळ दुसरा चांगला एक्स असल्यानं तिला बहुधा काही त्रास झालेला नसतो. आई कॅरिअर (म्हणजे एक बिघडलेला एक्स असलेली) असली तर प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला तो एक्स मिळायचा चान्स निम्मा निम्मा. बापाला कमतरता असली तर त्याच्या सगळ्या मुली कॅरिअर आणि मुलगे सगळे मोकळे.

हे वाचून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना एवढंच सांगा की तो एक्स सुनेला तिच्या वडलांकडून पण आलेला असू शकतो आणि त्यात कुणाचा काही गुन्हा नाही. हा प्रश्न मला मेसेजवर कमी आणि फोनवर रडत जास्त येतो.

६. रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा?

दोन प्रकारच्या टेस्ट असतात. एक स्पॉट टेस्ट, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठिपका चमकला की नॉर्मल, नाही चमकला की डेफिशियंट. हो किंवा नाही एवढंच. दुसरी क्वांटिटेटिव्ह, त्यात आकडा येतो, युनिट पर ग्रॅम हिमोग्लोबिन असा. वेगवेगळ्या लॅबची पद्धत आणि तापमान वेगळं म्हणून नॉर्मल रेंज पण वेगळी, त्यामुळं कोल्हापूरच्या लॅबचा आकडा बेळगावच्या लॅबच्या आकड्याशी लावत बसू नका. त्याच कागदावर छापलेली रेंज बघा. नॉर्मलच्या ३० टक्क्याच्या खाली म्हणजे कमतरता, ३० ते ७० मधलं, ७० च्या वर ठीक, असा औषध देताना साधारण हिशोब धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये प्रकारांची जुनी पाच क्लासची पद्धत बदलून ए, बी, सी केलीय, म्हणून जुन्या रिपोर्टवर "क्लास टू" आणि नव्यावर "क्लास बी" दिसलं तर घाबरू नका, बाळाचं काही वाढलं नाही.

नवजात बाळाचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्तच असतो, हे पण ध्यानात ठेवा.

७. बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं, ऊन दाखवलं तर चालंल का?

नाही. ह्या एका प्रश्नाला मी सरळ नाही म्हणते. जी६पीडी कमी असलेल्या बाळाची कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, आणि कधी कधी भराभर चढते. पेशी फुटण्यापेक्षा बाळाचं लिव्हर बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) बाहेर टाकायला कमी पडतं हे त्यात मोठं कारण असतं. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूत जाऊन बसतं आणि मग झालेलं नुकसान भरून येत नाही, बहिरेपण येऊ शकतं, अंग आखडू शकतं. निळ्या दिव्याखाली वेळेवर ठेवलं तर बहुतेक बाळं दोन-तीन दिवसात ठीक होतात, अगदी गरज पडली तरच रक्त बदलतात.

आपल्याकडं अडचण अशी की डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी होतो, बाळंतीण माहेरी जांबोटीकडं नाहीतर कणकुंबीला जाते, पाऊस चालू असतो, आणि "बाळ पिवळं दिसतंच" म्हणून चार दिवस जातात. म्हणून जायच्या आधीच विचारा, परत दाखवायला कधी यायचं, आणि तारीख तायी कार्डवर (बाळंतपणाच्या सरकारी कार्डवर) लिहून घ्या. बाळ दूध ओढेना, सारखं झोपूनच राहिलं, पाय-तळवे पिवळे दिसले की तारखेची वाट बघायची नाही. पोटावर डाग देणं, पाजायचा काढा, हे तर नकोच नको.

८. कुठली औषधं बंद? आम्हाला कुणीतरी चार पानी लिस्ट पाठवलीय.

ती चार पानी लिस्ट फाडून टाका. खरं सांगते, त्या लिस्टनं जेवढी पोरं तापात औषधाशिवाय ठेवली तेवढं नुकसान कमतरतेनं पण केलं नसंल. जुन्या लिस्टमध्ये अशी औषधं घुसलीत की जी घेताना कधीतरी एखाद्या पेशंटला आधीच इन्फेक्शन असताना हिमोलिसिस झालं आणि नाव औषधाचं आलं.

पक्की टाळायची ती थोडी आहेत. मलेरियाची प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन (प्रश्न १२ बघा), डॅप्सोन जे कुष्ठरोगात आणि काही चामडीच्या आजारात देतात, मेथिलीन ब्लू (प्रश्न १७), आणि युरिक ॲसिड उतरवायची रॅस्ब्युरिकेज व पेग्लोटिकेज ही इंजेक्शनं, जी मोठ्या हॉस्पिटलातच मिळतात. नायट्रोफ्युरॅन्टॉइन, म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनची गोळी, ही मधल्या रिस्कची, देण्याआधी डॉक्टरांनी विचार करायचा. गरोदर बायकांना ती बऱ्याचदा दिली जाते म्हणून मुद्दाम लिहिलं.

पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये चालतं. क्लोरोक्विन, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमोक्साझोल, नेहमीच्या डोसचं ॲस्पिरिन, ह्यांचं नाव जुन्या लिस्टमध्ये असलं तरी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय फार्माकोजेनेटिक्स मार्गदर्शनात ती कमी किंवा नसल्यासारख्या धोक्यात धरलीत. (लहान पोरांना तापात ॲस्पिरिन तसंही देत नाहीत, त्याचं कारण वेगळं.) व्हिटॅमिन सीची साधी गोळी ठीक, पण शिरेतून मोठ्या डोसची सी, जी हल्ली गोरेपणासाठी वगैरे देतात, ती नको, त्यानं हिमोलिसिस झालेलं आहे.

आणि झाडपाल्याचं? पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाच सांगता येत नसंल तर मी तरी माझ्या पोराला देणार नाही.

९. पावटा, वाल बंद करायचा का? हिवाळ्यात आमच्यात रोज अवरेकाळूची उसळ असती.

खुशाल खा. टाळायची ती बाकला शेंग, फावा बीन, शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. पावटा, वाल, अवरेकाळू हे वेगळं झाड, लॅबलॅब. घेवडा, राजमा, चवळी, मटकी, हरभरा ह्यांच्यातही ते द्रव्य नाही. फावामध्ये व्हिसीन आणि कॉन्व्हिसीन असतं, पोटात त्यांची डायव्हिसीन आणि आयसोयुरॅमिल होतात आणि ती तांबड्या पेशीवर जोरात हल्ला करतात, लहान मुलांत जास्त. बेळगावच्या बाजारात बाकला सहसा दिसत नाही, पण पाकिटातल्या तिखट-मिठाच्या भाजक्या डाळी-बियांत, नाहीतर उत्तरेकडून किंवा गल्फवरून आणलेल्या खाऊत ती असू शकते. पाकीट वाचायचं. माझा मुलगा आता स्वतःच वाचतो आणि दुकानदारालाच लेक्चर देतो.

सोयाबीन, शेंगदाणे, ब्लूबेरी, टॉनिक वॉटर ह्यांच्या भानगडी नेटवर खूप, पण आहारातून काढून टाकावं असा पुरावा त्यांच्यामागं नाही. दूध पाजणाऱ्या आईनं मात्र फावा आणि वरची औषधं टाळायची, बाळाला दुधातून जातात.

१०. डांबर गोळ्या, कापूर, मेंदी?

डांबर गोळ्या घरातून बाहेर. ह्यात अर्धं-मुर्धं नाही. नॅफ्थलीन श्वासातून आणि चामडीतून आत जातं. आपल्याकडं बाळाला पहिल्यांदा जुनेच कपडे घालायची रीत, त्यामुळं होतं काय, आजी माळ्यावरची ट्रंक उघडते, त्यात आधीच्या नातवाची दुपटी, कुंची, टोपडी घडी करून ठेवलेली असतात, घडी-घडीत दोन-दोन गोळ्या. वर बाळाला तेल चोळून तेच दुपटं गुंडाळायचं. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, म्हणजे तेल लावलेल्या अंगातून ते अजून जास्त आत जातं. नुसतं झटकून किंवा तासभर उन्हात टाकून वास जात नाही. गरम पाण्यात धुवा, काही दिवस मोकळ्या हवेत वाळवा आणि तरीही वास येत असला तर सरळ दुसरं दुपटं घ्या. संडास-बेसिनात टाकायच्या गोळ्या पण ह्यातच येतात.

मेंदी बाळाला नको. मेंदीतलं लॉसोन हेच काम करतं आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर लावल्यावर हिमोलिसिस झाल्याच्या केसेस आहेत. बारशाला हातावर टिपका लावायचा हट्ट कुणी केला तर काजळाचा लावा म्हणावं, तो पण गालावर. कापूर म्हणजे नॅफ्थलीन नव्हे, पण लहान पोरानं कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो हाताला लागंल असा ठेवायचा नाहीच.

११. हिमोलिसिस व्हायला लागलं हे घरी कसं ओळखायचं?

लघवी बघा. चहाच्या, कोकच्या रंगाची लघवी, डोळे पिवळे, चेहरा पांढराफटक, धाप, कंबर-पोटात दुखणं. औषध किंवा फावा पोटात गेल्यापासून एक ते तीन दिवसात होतं. पण औषधापेक्षा जास्त वेळा कारण असतं इन्फेक्शन: टायफॉइड, न्यूमोनिया, आणि पावसाळ्यात पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए, ई. ह्या शेवटच्या दोघांत गोंधळ असा होतो की कावीळ आहेच, मग गावात काविळीचं औषध देणाऱ्याकडं जायचं, तीन दिवस पथ्य, आणि मधल्या काळात हिमोग्लोबिन भराभर खाली. साध्या काविळीत पण लघवी गडद होते म्हणून रंगावरून ठरवायला जाऊ नका. कमतरता माहीत असलेल्या माणसाचे डोळे पिवळे झाले की त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन करून घ्या आणि क्रिएटिनिन पण, कारण फुटलेल्या पेशींचा भार किडनीवर येतो.

१२. मलेरिया झाला तर काय करायचं?

आपल्याकडचे किती जण गोव्यात, मंगळूरला, मुंबईला कन्स्ट्रक्शनवर नाहीतर हॉटेलात असतात, बेळगावच्या मराठा सेंटरमधून (सैन्याच्या ट्रेनिंग सेंटरमधून) पास झालेले ईशान्येला जातात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. व्हायव्हॅक्स मलेरियात रक्तातले जंतू क्लोरोक्विननं मरतात, पण लिव्हरमध्ये काही झोपलेले राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत ताप. त्यांना मारायला प्रायमाक्विन १४ दिवस देतात. कमतरता असलेल्याला ते रोजचं १४ दिवसांचं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा, वजनाच्या दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, असे आठ आठवडे सांगितलंय, ते पण डॉक्टरच्या नजरेखाली. टॅफेनोक्विनचा एकच डोस असतो पण ते अंगात खूप दिवस राहतं, त्रास सुरू झाला तरी परत काढता येत नाही, म्हणून एन्झाइम ७० टक्क्याच्या वर असल्याची टेस्ट दाखवल्याशिवाय देतच नाहीत. फॅल्सिपॅरम ह्या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियासाठी प्रायमाक्विनचा एक छोटा डोस देतात (किलोला ०.२५ मिलिग्रॅम), तो टेस्टशिवाय पण चालतो असं मानतात. तेव्हा "प्रायमाक्विन कधीच नाही" हे पण खरं नाही आणि "एकच तर गोळी" म्हणून चौदाच्या चौदा घेणं पण खरं नाही.

गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाचं एन्झाइम कसं आहे ते कळत नसतं.

गंमत म्हणजे ही कमतरता सापडलीच प्रायमाक्विनमुळं. अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालले होते (आजच्या नियमात ते बसले नसते), तिथं काही जणांच्याच पेशी फुटायच्या. १९५६ मध्ये पॉल कार्सन, आल्फ आल्विंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्यात जी६पीडी कमी आहे. आणि जगात जिथं मलेरिया जास्त तिथंच ही कमतरता जास्त, कारण फॅल्सिपॅरमच्या जिवावरच्या मलेरियापासून ती थोडं वाचवते असं मानलं जातं. म्हणजे कमतरता असलेल्याला मलेरिया होतच नाही असं नव्हे.

१३. मुलींना होत नाही ना हे?

होतं. "मुलगी फक्त कॅरिअर" हे अर्धवट शिकवलेलं आहे, आमच्याच पुस्तकांनी. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडलेला असतो, कुठला बंद पडायचा ते गर्भात असतानाच ठरतं आणि ते कसंही ठरतं. मेरी लायन ह्यांनी १९६१ मध्ये हे मांडलं आणि १९६२ मध्ये अर्नेस्ट बॉयट्लर ह्यांच्या टीमनं जी६पीडी वापरूनच दाखवलं की कॅरिअर बाईच्या रक्तात दोन जातीच्या तांबड्या पेशी असतात, काही पूर्ण चांगल्या, काही पूर्ण कमी. कुणाच्यात चांगल्या ८० टक्के, कुणाच्यात २०. म्हणून एक कॅरिअर अगदी नॉर्मल, दुसरीला प्रायमाक्विननं मुलासारखाच त्रास. आणि स्पॉट टेस्ट ह्या मधल्या बायकांना सहज नॉर्मल म्हणून सोडते. बाईची टेस्ट करायची तर क्वांटिटेटिव्हच करा.

१४. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. धोका वाढतो का?

वाढतो, आणि एक्सचा हिशोब इथं जरा वेगळा लागतो. समजा नवऱ्यामुलाला कमतरता आहे. ती त्याला आईकडून आली. त्याच्या आईला तो एक्स आजीकडून आला असंल तर आईच्या भावाला, म्हणजे मामाला, पण तोच एक्स मिळालेला असण्याचा चान्स निम्मा. मामाला मिळाला असंल तर मामाच्या सगळ्या मुली कॅरिअर (प्रश्न ५). आता असा मुलगा आणि अशी मामेबहीण ह्यांच्या लग्नातून झालेल्या मुलींपैकी निम्म्यांना दोन्ही एक्स बिघडलेले मिळू शकतात आणि मग मुलीला मुलाइतकीच पक्की कमतरता येते. मामा-भाचीच्या लग्नात पण असंच होऊ शकतं.

ठरलेलं लग्न मोडा असं मी म्हणत नाही. ह्या एका कारणासाठी तर नाहीच. पण मामाची पाचशे-हजाराची एक टेस्ट करून घेतली तर पुढच्या बाळंतपणात पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं.

१५. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना रिपोर्ट नॉर्मल आला, चार महिन्यांनी कमी आला. कुठला खरा?

नंतरचा. हिमोलिसिसमध्ये जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी फुटून गेलेल्या असतात (प्रश्न ३) आणि शरीर भराभर नव्या कोवळ्या पेशी सोडत असतं, ज्यांच्यात एन्झाइम भरपूर. त्या वेळी रक्त काढलं तर आकडा चांगला येतो. बाहेरचं रक्त चढवलं असलं तर तो आकडा अर्धा रक्तदात्याचा. म्हणून साधारण तीन महिन्यांनी परत करायचं. तोवर कमतरता आहे असंच धरून वागा. घाई असली तर आईची टेस्ट किंवा जीन टेस्ट करता येते, जीनवर ह्या सगळ्याचा फरक पडत नाही.

उलटं पण होतं: बाळाच्या टाचेतलं रक्त कार्डावर घेऊन ते एप्रिल-मेच्या उन्हात अथणी, रायबागकडून कुरिअरनं दोन-तीन दिवस फिरत गेलं तर उष्णतेनं एन्झाइम मरतं आणि खोटाच "डेफिशियंट" येतो. कार्डवर कमी आलं की जवळच्या लॅबमध्ये ताजं रक्त देऊन पक्कं करा.

१६. वडलांना शुगर आहे, जी६पीडी पण कमी. तीन महिन्यांची शुगर टेस्ट एकदम छान येते, मग गोळ्या कमी करू?

थांबा. ती टेस्ट, एचबीए१सी, म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली. पेशी जेवढे जास्त दिवस जगंल तेवढी साखर चिकटते. ह्यांच्या पेशी लवकर जात असल्या तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर बघा, दोन्ही जुळत नसतील तर डॉक्टरांना फ्रक्टोसामीन नावाच्या टेस्टबद्दल विचारा.

१७. शेतात फवारणी करताना विषबाधा झाली तर वेगळं काही सांगायचं का?

होय, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. इंडोक्साकार्ब असलेलं अळीनाशक पोटात गेलं तर रक्तात मेथहिमोग्लोबिन वाढू शकतं, म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरू शकत नाही, ओठ-नखं निळी पडतात, काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. त्याच्यावरचं ठरलेलं औषध मेथिलीन ब्लू. पण मेथिलीन ब्लू चालायला एनएडीपीएचच लागतं. ज्याच्यात ते कमी त्याच्यात एक तर औषध लागू पडत नाही, वर हिमोलिसिस करतं. डॉक्टर मग दुसरे मार्ग घेतात, पण त्यांना माहीत असलं तर. बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही, म्हणून पाकिटात आधार कार्डाच्या मागं एक चिठ्ठी ठेवा, कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत. आणि औषधाची बाटली बरोबर न्या, नुसतं "अळीचं औषध" सांगून चालत नाही.

१८. लोहाचं टॉनिक द्यायचं का? लशी चालतात का?

हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लोह नको, आधी लोह कमी आहे का ते बघा. पेशी फुटल्यावर त्यातलं बरंचसं लोह शरीर परत वापरतं. फॉलिक ॲसिड डॉक्टर देतात ते वेगळं. लशी सगळ्या चालतात.

१९. नेटवर वाचलं की ह्यात शुगर एकदम उतरते आणि लिव्हर मोठं होतं. आमच्या बाळाला पण होणार?

तुम्ही दुसरंच वाचलंय. ते ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज, व्हॉन गिर्के आजार. त्याचं जीन १७ व्या क्रोमोसोमवर, आई-बाप दोघांकडून आलं तरच होतं, आणि उपाशी राहिलं की शुगर पडते. नावं एवढी सारखी की रिपोर्ट फोनवर सांगताना लोक गडबडतात. शेवटी "डिहायड्रोजिनेज" आहे का बघून घ्या.

२०. हे कधी बरं होतं का? जीन थेरपी?

जीन जन्मभर तेच राहणार. कमतरतेसाठी आज बाजारात औषध नाही. २०१८ मध्ये एजी१ नावाचा एक रेणू प्रयोगशाळेत बिघडलेल्या एन्झाइमला जास्त चालवताना दाखवलाय, पण ते अजून पेशंटपर्यंतचं काम नाही. जीन थेरपीचं म्हणाल तर जो माणूस चार औषधं आणि डांबर गोळ्या टाळून ठणठणीत राहतो त्याच्या बोन मॅरोला कशाला हात लावायचा. फार थोडे जण असे असतात की ज्यांच्या पेशी काहीही न करता सतत फुटत राहतात, नवीन वर्गीकरणात क्लास ए, त्यांनी मात्र रक्ताच्या तज्ज्ञाकडं कायमचं दाखवत राहायचं, त्यांना ही वरची उत्तरं पुरायची नाहीत.